पाचोऱ्याची शीट ४६ पी/६: जुनी टोपोशीट समासापासून वाचा

जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा तपशीलवार भूनकाशा, हाती पडली की नजर आधी गावाच्या नावाकडे जाते. स्टेशन कुठे आहे, नदी कुठून वळते, आपलं शिवार कुठे येतं. पण पाचोरा, भडगाव, जामनेर या भागाच्या शीट्सवरून कोणाला जुना मार्ग, पाट किंवा गाडीवाट नक्की करायची असेल, तर त्याने गाव शेवटी बघावं आणि समास आधी वाचावा. सर्वेक्षण कधी झालं, दुरुस्ती कधी झाली, उंची फुटांत आहे की मीटरमध्ये, रेखांशात काही फरक करायला सांगितला आहे का, हे सगळं चौकटीबाहेरच्या बारीक अक्षरांत असतं. ते सोडून काढलेला निष्कर्ष एकतर दहा-वीस वर्षांनी चुकतो, नाहीतर शंभर मीटरनी.

नंबर कसा लागतो

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीत देशाचे चार अंश बाय चार अंशांचे मोठे चौकोन पाडलेले आहेत. ४६ नंबरचा चौकोन ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि २० ते २४ उत्तर अक्षांश इतका आहे. बहुतेक सगळा खान्देश यात बसतो. रावेर-मुक्ताईनगरकडचा टोकाचा पट्टा ७६ अंशांच्या पलीकडे जातो, म्हणून तो ५५ मध्ये. प्रत्येक मोठ्या चौकोनाचे एकेक अंशाचे सोळा भाग होतात, त्यांना ए ते पी अशी अक्षरं. अक्षरं आडवी लागत नाहीत. पहिल्या स्तंभात वरून खाली ए, बी, सी, डी, मग शेजारच्या स्तंभात पुन्हा वरून ई, एफ. नवख्याची पहिली गफलत इथेच होते. मग प्रत्येक अंशाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, १ ते १६, तेही तसेच वरून खाली.

या हिशेबाने पाचोरा ४६ पी/६ मध्ये येतं. धुळे ४६ एल/१३, अमळनेर ४६ ओ/४, भुसावळ ४६ ओ/१६. आपल्याकडच्या रेल्वेगावांची एक अडचण मात्र आहे: त्यातली बरीच शीटच्या अगदी कडेला पडतात. ७५ अंशांची रेषा चाळीसगावला लागून जाते, त्यामुळे तिथे ४६ एल/१५ आणि ४६ पी/३ दोन्ही लागतात. २१ अंशांची रेषा जळगावलाच चाटून जाते. स्टेशनासाठी ४६ ओ/१२ काढली तरी दक्षिणेचा भाग ४६ पी/९ वर असतो. नंदुरबारला ४६ के/३ सोबत के/७ जवळ ठेवावी. पाचोरा त्या मानाने नशीबवान, शीटच्या आत नीट बसलेलं. पण पाचोरा-जामनेर या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीचा पूर्ण मार्ग हवा असेल तर पी/६, पी/१० आणि पी/१३ या तीन शीट्स लागतातच. शिवाय पहूर ते जामनेर या टप्प्यात मार्ग थोडक्या अंतरात २० अंश ४५ मिनिटं आणि ७५ अंश ४५ मिनिटं या दोन्ही रेषा ओलांडतो. ९, १०, १३ आणि १४ या चार शीट्सचा कोपरा तिथेच आहे, तेव्हा चारही आणून ठेवलेल्या बऱ्या. (पी/१० वर शेंदुर्णी, पहूर आणि अजिंठ्याची लेणी एकाच कागदावर येतात. एकच शीट विकत घ्यायची असेल तर मी हीच सुचवेन.)

नव्या ओपन सीरीज (सर्वांसाठी खुल्या मालिकेच्या) शीट्सचा नंबर वेगळा दिसतो, पण आपल्यापुरतं रूपांतर सोपं आहे. ४६ पी/६ ची नवी शीट म्हणजे एफ ४३ व्ही ६. शेवटचा आकडा तोच राहतो, अक्षर मात्र बदलतं, कारण नव्या पद्धतीत अक्षरं आडवी लागतात.

जुनी एक इंची शीट, म्हणजे एक इंचाला एक मैल, १:६३,३६० प्रमाणाची. आपल्या अक्षांशावर पंधरा मिनिटांचा चौकोन जमिनीवर साधारण २७.७ किलोमीटर उत्तर-दक्षिण आणि २६ किलोमीटर पूर्व-पश्चिम भरतो. कागदावर तो ४३.७ बाय ४१ सेंटिमीटर. मेट्रिक झाल्यावरच्या १:५०,००० शीटवर तोच चौकोन ५५.४ बाय ५२ सेंटिमीटर होतो. फोटोकॉपी हाती आली असेल तर पहिलं काम म्हणजे चौकटीची आतली कड पट्टीने मोजणं. ४३.७ च्या जागी ४१ किंवा ४२ भरली तर कॉपी लहान होऊन आली आहे, आणि छापलेलं प्रमाण वाक्य खोटं ठरलं. समासातली पट्टीची आकृती मात्र नकाशाबरोबरच आकसते, म्हणून अंतर नेहमी त्या पट्टीवरून मोजावं.

छपाईचं साल म्हणजे नकाशाचं साल नव्हे

समासात तीन वेगवेगळी सालं असू शकतात: सर्वेक्षणाचं, दुरुस्तीचं आणि छपाईचं. १९३० च्या दशकात छापलेल्या शीटवरचं जमिनीचं चित्र वीस वर्षांपूर्वीचं असू शकतं. मधल्या काळात रेल्वे, मोठे रस्ते आणि हद्दी तेवढ्या नव्याने बसवलेल्या असतात. पाचोरा-जामनेर मार्ग याची उत्तम परीक्षा घेतो. अडीच फुटी गेजचा, ५६ किलोमीटरचा हा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाला. समासात सर्वेक्षणाचं साल त्याआधीचं आणि नकाशावर छोटी लाइन काढलेली, असं दिसलं तर ती लाइन नंतर बसवली आहे. मग वरखेडी किंवा शेंदुर्णी स्टेशनाशेजारी विहिरी, वाटा, वस्ती दिसत नाही याचा अर्थ ‘लाइन आली तेव्हा इथे काही नव्हतं’ असा काढता येत नाही. लाइन एका काळाची, शिवार दुसऱ्या काळाचं. समासाच्या खाली बहुधा संकलनाची छोटी आकृती असते. शीटचा कोणता तुकडा कोणत्या साली मोजला ते त्यात दाखवतात. एकाच शीटचे दोन तुकडे दोन वेगळ्या हंगामांतले निघू शकतात.

समास कापून टाकलेला असेल, आणि फ्रेम करून लावलेल्या शीट्सचं हे दुखणं कायमचं, तर आतल्या खुणांवरून काळ बांधता येतो. जिल्ह्याचं नाव नुसतं खान्देश असेल तर मजकूर १९०६ च्या आधीचा, कारण त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम खान्देश वेगळे झाले. पूर्व खान्देश असेल तर १९०६ ते १९६०. नंदुरबार जिल्हा म्हणून दिसलं तर १९९८ नंतरची शीट. चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून येणारी तापी व्हॅली लाइन दोन्ही १९०० च्या सुमाराच्या. त्या नसतील तर नकाशा एकोणिसाव्या शतकातला. मुंबईहून भुसावळला जाणारी मूळ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) लाइन मात्र १८६० च्या दशकातली आहे, ती असण्यावरून फारसं काही ठरत नाही. गिरणा धरणाचा जलाशय १९६९ नंतरच्या सर्वेक्षणात दिसेल. जामद्याचे कालवे त्याहून कितीतरी जुने, ते दिसले म्हणून शीट अलीकडची समजू नये.

अजिंठ्याच्या डोंगराकडची हद्दही बघण्यासारखी आहे. फर्दापूर, अजिंठा हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. म्हणून त्या काळच्या पी/१० वर जी रेषा आज दोन जिल्ह्यांमधली आहे, ती संस्थानी हद्द म्हणून ठळक काढलेली असते. पलीकडच्या गावांचे महसुली कागद मुंबई इलाख्याच्या दप्तरात शोधण्यात वेळ घालवू नका.

चिन्हांतलं जे हमखास चुकतं

रंगांचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो: पिवळा लागवडीचा, हिरवा झाडीचा, लाल वस्ती आणि रस्त्यांचा, तपकिरी समोच्च रेषांचा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. गोंधळ होतो तो पाण्यात. खान्देशातले बरेच नाले शीटवर काळ्या रेषेने काढलेले असतात, कारण ते कोरडे असतात. निळा रंग पाणी असेल तिथेच. सर्वेक्षण हिवाळ्या-उन्हाळ्यात होतं, त्यामुळे गिरणेच्या पात्रातही निळी धार पात्राच्या एका कडेला बारीक दिसते. ‘तेव्हा नदी एवढीच होती’ असं ते चित्र म्हणत नाही. मोजणीच्या महिन्यात धार एवढी होती, इतकंच म्हणतं. काळा नाला आणि काळी पायवाट स्कॅनमध्ये एकसारखे दिसू लागतात. ओळखायचं कसं? समोच्च रेषा नाल्यावर येऊन उलट्या ‘व्ही’सारखी चढाच्या दिशेने वळते, वाटेवर वळत नाही.

दुसरी चीज म्हणजे आकड्यापुढचा छोटा ‘आर’. भराव, बांध, खोदाई किंवा नदीचा काठ यांच्याशेजारी ‘१२ आर’ असं लिहिलेलं असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली आहे. रेल्वेच्या जुन्या भरावाचा शोध घेणाऱ्याला यापेक्षा उपयोगी आकडा दुसरा नाही. बारा फुटी भराव शंभर वर्षं नांगराला सहसा दाद देत नाही, तीन फुटी कधीच शेतात मिसळून जातो. तेव्हा प्रत्यक्ष जायचं ते मोठ्या ‘आर’च्या ठिकाणी.

समोच्च रेषांमधलं अंतर एक इंचीवर साधारण ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर; मेट्रिक शीटवर बहुधा २० मीटर. जुन्या आणि नव्या शीटच्या रेषा एकमेकींवर ठेवून ‘टेकडी झिजली’ असं म्हणणारे लोक भेटतात. रेषाच वेगळ्या उंचीच्या आहेत, त्या जुळणारच नाहीत. तुलना करायची तर त्रिकोणाच्या खुणेजवळच्या (सर्वेक्षणाच्या मोजणीबिंदूच्या) किंवा बेंचमार्कच्या (उंची पक्की केलेल्या खुणेच्या) नेमक्या उंचीची करावी, फुटांना ३.२८ ने भागून.

गावांच्या नावांत बुद्रुक-खुर्द तर आहेतच, पण पाचोरा-भडगाव पट्ट्यात एकाच नावाची गावं परगण्यावरून वेगळी केलेली आहेत. वडगाव प्र. पा. आणि वडगाव प्र. भ. ही दोन वेगळी गावं. टोपोशीटवर नुसतं वडगाव लिहिलेलं असतं. नावावरून सातबारा काढायला जाण्याआधी शेजारची चार गावं जुळवून घ्या.

स्कॅन आणि संगणकावर बसवणं

शीट सपाट स्कॅनरवर ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) घ्यावी. एक इंचीवर एक पिक्सेल तेव्हा जमिनीवर चार मीटरचा होतो. ६०० ला घेतली तरी छापील रेषेची जाडीच दहा-बारा मीटरची असल्याने नवं काही हाती लागत नाही, फाइल मात्र फुगते. मोबाइलचा फोटो वाचायला ठीक, मोजायला नाही; कडा वाकतात. कापडावर चिकटवलेल्या घडीच्या शीट्समध्ये प्रत्येक तुकड्याच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते. ती तशीच ठेवून बसवली तर प्रत्येक फटीला दीड-दोनशे मीटरचा खोटा भूभाग तयार होतो. अशा शीटचे तुकडे वेगवेगळे कापून एकेक बसवावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्सर उघडा, म्हणजे स्कॅन खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचं साधन. शीटवर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांशाच्या रेषा किंवा त्यांच्या छेदाच्या फुल्या असतात. चार उभ्या, चार आडव्या, म्हणजे सोळा छेद. सोळाही घ्यावेत, फक्त चार कोपरे घेऊन थांबू नये. पी/६ साठी रेखांश ७५.२५, ७५.३३३३, ७५.४१६७ आणि ७५.५, अक्षांश २०.५, २०.५८३३, २०.६६६७ आणि २०.७५. दशांशाची चार स्थळं तरी लिहा, ७५.३३ लिहिलं तर साडेतीनशे मीटर तिथेच गेले.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ती गोष्ट. संदर्भ प्रणाली (अक्षांश-रेखांश कोणत्या आधारावर मोजले ते) विचारली की सवयीने जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४ निवडली जाते. जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिरूपावर) आणि कल्याणपूरच्या आधारबिंदूवर आहे. यादीतला ईपीएसजी क्रमांक ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, निवडा आणि शीट बसल्यावर डब्ल्यूजीएस ८४ मध्ये रूपांतर करा. त्यासाठीचे सरकतीचे आकडे २९५, ७३६, २५७ मीटर. ही पायरी चुकली तर पाचोऱ्याजवळ सगळी शीट सुमारे शंभर मीटर पूर्वेला आणि ऐंशीएक मीटर दक्षिणेला सरकून बसते. रेल्वेचा रूळ शेजारच्या शेतात जातो आणि माणूस म्हणतो, जुने सर्वेक्षकच कच्चे होते. ते कच्चे नव्हते.

त्याहून जुन्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीआधीच्या नकाशांत रेखांशच वेगळा धरलेला आहे. मद्रास वेधशाळेच्या रेखांशाची जुनी किंमत वापरल्यामुळे आकडे अडीच-तीन मिनिटांनी जास्त येतात. वजा किती करायचं ते समासात एका ओळीत छापलेलं असतं. ही ओळ दिसली नाही तर गाव चार किलोमीटरहून जास्त पूर्वेला पडतं, थेट दुसऱ्या गावाच्या शिवारात.

रूपांतराचा प्रकार म्हणून पॉलिनॉमिअल १ ने (सगळा कागद एकसारखा फिरवून-ताणून बसवणारा) सुरुवात करा, उरलेल्या चुकांचा तक्ता बघा, मग गरज असेल तर पॉलिनॉमिअल २. थिन प्लेट स्प्लाइनने चुका शून्य दिसतात म्हणून तो लोकांना आवडतो. पण तो प्रत्येक बिंदूला कागद ताणून बसवतो आणि चुकीचा टिपलेला बिंदूही गिळून टाकतो. चूक दिसणंच बंद होतं. मी तो फक्त फाटलेल्या, सुरकुतलेल्या शीटसाठी वापरावा या मताचा आहे.

बसवून झाल्यावर उपग्रह चित्रावर ठेवून तपासा. तपासायला रेल्वेचे पूल, जुनी देवळं, रेल्वे-रस्ता फाटक, त्रिकोणाच्या खुणेची टेकडी घ्या. नदीचं वळण, तलावाची कड, गावाची कड घेऊ नका, ती हलतात. फरक कसा पडतो त्यावरून कारण कळतं. सगळीकडे एकाच दिशेने, एकसारखा फरक असेल तर संदर्भ प्रणाली चुकली. एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे वाढत जात असेल तर कागद ताणला किंवा आकसला आहे. कागद एक टक्का आकसला तरी ४३.७ सेंटिमीटरमागे साडेचार मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर पावणेतीनशे मीटर. एकच बिंदू वेडावाकडा असेल तर तुमचा आकडा चुकला. काळं सगळं जुळतं पण नद्या एका बाजूला सरकलेल्या दिसतात, असं झालं तर छपाईत निळा रंग हलला आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे बत्तीस मीटर. हे सगळं निस्तरल्यावर पंधरा ते तीस मीटरचा फरक उरला तर समाधान मानावं. एक इंची शीट त्याहून जास्त अचूक करता येत नाही.

शीटवरून शिवारात

टोपोशीटवर शेताच्या हद्दी नसतात. छोट्या लाइनची पट्टी किंवा जुना पाट नेमका कोणत्या गटातून गेला हे पाहायचं तर गाव नकाशा लागतो. तो एक इंचाला वीस साखळ्या, साखळी ३३ फुटांची, म्हणजे १:७९२०, टोपोशीटच्या आठपट मोठा. राज्य सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर आजचे गट दिसतात, पण जुन्या नकाशावर सर्व्हे नंबर असतात आणि एकत्रीकरण योजनेत ते बदलले. दोन्हींचा मेळ घालायला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून ९(३), ९(४) चा उतारा घ्यावा. अर्जात गावाचं पूर्ण नाव, प्र. पा. किंवा प्र. भ. सकट, आणि जुना सर्व्हे नंबर लिहा. नुसता गट नंबर दिला तर उलटा शोध घेण्यात दिवस जातात. रेल्वेची पट्टी गाव नकाशावर लांबलचक, अरुंद, वेगळ्या नंबराची किंवा नंबराशिवायची दिसते. शेतं तिच्या दोन्ही बाजूंना तिरकी कापलेली असतात. जमिनीवर भराव राहिला नसला तरी ही तिरकी कापलेली धुरे-बांधांची रेघ उपग्रह चित्रात ओळखू येते.

शीट्स मिळण्याच्या जागा थोडक्यात. आजच्या १:५०,००० शीट्स सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन लष्कराच्या यू ५०२ मालिकेच्या १:२,५०,००० शीट्स टेक्सास विद्यापीठाच्या नकाशासंग्रहात फुकट उतरवता येतात. पाचोरा एनएफ ४३-१५ वर आहे. त्या प्रमाणाला त्या फक्त आडाख्यासाठी, विहिरी-वाटा त्यात शोधू नयेत. साठच्या दशकातलं चित्र हवं असेल तर कोरोना उपग्रहाची खुली केलेली छायाचित्रं अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्स्प्लोरर या संकेतस्थळावर बघा. गिरणा धरणाआधीचं शिवार त्यात दिसतं, आणि टोपोशीटवरची शंका मिटवायला यापेक्षा चांगला साक्षीदार नाही.

छोट्या लाइनवर काम करायचं असेल तर ते आत्ताच करावं. २०२० पासून गाडी बंद आहे, आणि ब्रॉडगेजचं काम जसं पुढे जाईल तसे जुने भराव, मोऱ्या आणि स्टेशनांचे छोटे फलाट निघून जातील. शीटवरच्या प्रत्येक मोरीला जीपीएसचा बिंदू आणि एक फोटो घ्या. फाइलच्या नावात शीट नंबर, सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल, या क्रमाने लिहून ठेवा.